आठ महिने जवळ ठेवलेली एक प्रेमकादंबरी

मे महिन्यात पणजीच्या एका पुस्तक प्रदर्शनात ही कादंबरी घेतली. मुखपृष्ठावर फोंताइन्यास या पणजीच्या जुन्या वस्तीतली गल्ली. कथा पुण्याहून आलेल्या वास्तुविशारद मुलीची आणि पणजीत खानावळ चालवणाऱ्या मुलाची. आपल्या ओळखीच्या रस्त्यांवर घडणारी आजची प्रेमकथा मराठीत क्वचितच मिळते, म्हणून फार आशेने घेतली. लिहिणाऱ्याचं पहिलंच पुस्तक आहे, तेव्हा नाव देत नाही.

तेव्हापासून तीनदा वाचून झाली. जूनमध्ये फोंडा-पणजी कदंब बसमध्ये, चवथीच्या सुट्टीत आईला मोठ्याने वाचून दाखवताना आणि जानेवारीत आमच्या वाचनमंडळात चर्चा ठरली तेव्हा. पहिल्या वाचनात पावसाने आणि खिडकीने सांभाळून घेतलं. म्हार्दोळ, मंगेशी, भोम मागे पडत जायची आणि पानं उलटत राहायची. दुसऱ्या वेळी मात्र आईने चौथ्या प्रकरणात विचारलं, "ह्या मुलाला खानावळीचं काम कधी असतं गो?" त्या प्रश्नानंतर मला पुस्तक पूर्वीसारखं वाचता आलं नाही.

खरंच, त्याला काम नसतंच. दुपारी बाराला, ऐन जेवणाच्या गर्दीच्या वेळी, तो तिला घेऊन मिरामारच्या किनाऱ्यावर फिरतो. जुलैमध्ये बंदरावर भरून आलेल्या ट्रॉलरमधली ताजी सुरमई तिला खिलवतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. पण ही चूक नुसती माहितीची असती तर मी सोडून दिली असती. मासळीबंदीत खानावळवाल्याची झोप उडते. नदीतले शेवटे, काळुंद्री मिळतात का बघायचं, बर्फातल्या मासळीचा भाव परवडतो का बघायचं, नाहीतर पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेले, सुके बांगडे काढून गिऱ्हाईक टिकवायचं. त्या दोन महिन्यांत तिने त्याला काळजीत पाहिलं असतं, सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर पहिल्यांदा चाखली असती, तर त्यांच्यात काहीतरी सुरू झाल्याचं मी मानलं असतं. इथे तो फक्त 'खोल डोळ्यांचा' आहे. हे डोळे मी अकरा वेळा मोजले.

तिचंही तसंच. ही जुन्या घरांचं काम शिकलेली मुलगी. त्याच्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकते तेव्हा तिला दिसतं काय, तर 'सुंदर जुनं घर'. शिंपल्यांची तावदानं तिच्या नजरेला पडत नाहीत. पावसात कुठलं कौल सरकलंय, भिंतीला ओल कुठवर चढलीय, काही नाही. खिडकीसमोर फोटो काढणाऱ्या पर्यटकांचा त्या घराला होणारा जाचही कुठे येत नाही. जी बाई घर पाहत नाही ती माणूस काय पाहणार, असं मला दर वेळी वाटत राहिलं.

सगळ्यात जास्त वाईट वाटलं शेवटाचं. ती मोपा विमानतळावरून परत फिरते आणि त्याच संध्याकाळी दोघांचं रजिस्टर लग्न! गोव्यात रजिस्टरला दोन सह्या असतात. पहिली झाली की दुसरीसाठी काही दिवस थांबावंच लागतं, कुणाची हरकत असेल तर ती त्या मुदतीत घ्यायची. शिवाय आधी वेगळा करार केला नाही तर नवरा-बायकोची मालमत्ता निम्मी-निम्मी. म्हणजे त्या गळक्या घरात आणि खानावळीतही ती वाटेकरी होणार. माझ्या स्वतःच्या दोन सह्यांमधले दिवस मला अजून आठवतात. एकीकडे साड्यांची खरेदी, दुसरीकडे रात्री पोटात गोळा. खरा प्रश्न त्याच दिवसांत पडतो, आणि ते सगळे दिवस लेखकाने एका ओळीत उडवले.

तरी पुस्तक टाकून का दिलं नाही? सातव्या प्रकरणासाठी. त्यात नायकाची मावशी आहे. भाच्याने स्कूटर दारात कशी लावली, स्टँड किती जोरात मारला, यावरून तो जेवून आलाय की उपाशी हे ती आतूनच ओळखते आणि न विचारता पेज गरम करायला ठेवते. नऊच पानं आहेत, पण वाचनमंडळात आम्ही सगळ्याजणी तिच्याबद्दलच बोललो. लेखकाला माणूस दिसतो याची खात्री तिथे पटते. तीच नजर त्या दोघांना एकमेकांकडे बघताना का दिली नाही, हे मला आठ महिन्यांत उलगडलं नाही.

संवादांबद्दल थोडकंच सांगते: दोघंही एकाच आवाजात बोलतात, नावं झाकली तर कोण बोलतंय कळत नाही. छपाई आणि बांधणी मात्र उत्तम. आमच्याकडे पावसात पुस्तकांना बुरशी धरते, कपाटात बल्ब लावून ठेवावा लागतो. याचं एकही पान सुटलं नाही.

पुस्तक सध्या मडगावला बहिणीकडे आहे. सातव्या प्रकरणापाशी खूण घालून दिलंय.