मागच्या पायांचा हार्नेस: डॅशहंडसाठी घेणार असाल तर आधी मापाची टेप हातात घ्या

कुत्र्याचे मागचे पाय चालेनासे झाले की त्याला धरून चालवायच्या या पट्ट्याला तीन तारे देते आहे, आणि त्यातला एक खरं तर इथल्या, बडोद्यातल्या मांडवीजवळच्या मोच्याचा आहे.

आमचा बंड्या डॅशहंड, म्हणजे लांब पाठीचा, आखूड पायांचा कुत्रा, वय 11, वजन 9 किलो. राहायला दांडिया बाजारात, जुन्या वाड्यात पहिल्या मजल्यावर. पायऱ्या 17, त्याही उंच. गेल्या जूनमध्ये एका सकाळी त्याने झोपाळ्यावरून उडी मारली (रोज मारायचा, आम्ही कौतुक करायचो) आणि केकाटला. दुपारपर्यंत मागचे पाय एकमेकांत अडकायला लागले, संध्याकाळी तो ते फरफटत होता. शेजारच्या काकांनी त्यांची गुडघ्याची गोळी देऊ केली होती. दिली नाही ते बरं झालं, कारण डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच केला, काही गोळी दिलीत का? आपल्या दुखण्याच्या गोळ्यांनी कुत्र्याचं पोट आणि किडनी बिघडते, आणि वर स्टेरॉइड पडलं तर पोटात जखमा होऊन रक्त जातं.

मग त्यांनी चिमट्याने मागच्या पायाचं बोट दाबलं. पाय आखडला. मी म्हटलं, घेतला की पाय! ते म्हणाले, "बेन, पग तो एमनेम खेंचे. मोढुं जुओ." पाय आखडणं आपोआप होतं, त्यात मेंदूचं काम नाही. दुखणं वरपर्यंत पोचतंय का ते तोंडावर कळतं. त्यांनी पुन्हा दाबलं तेव्हा बंड्या वळून गुरकावला. त्याच्या गुरकावण्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

या जातीच्या मणक्यांमधल्या गाद्या लहान वयातच सुकायला लागतात. आतला मऊ गर खडूसारखा होतो आणि एखाद्या दिवशी फुटून वर मज्जारज्जूवर दाबतो, बहुतेक वेळा पाठ आणि कंबर जुळते तिथे. एक्स-रेत हाडं दिसतात, रज्जूवरचा दाब बघायचा तर एमआरआय. डॉक्टरांनी ऑपरेशनचं सांगितलं, दुखणं जाणवतंय तोवर त्याला यश चांगलं येतं असंही सांगितलं. पण बंड्याच्या हृदयाचा आवाज ठीक नव्हता. भूल द्यायला आम्ही धजलो नाही. मग सहा आठवडे पिंजरा आणि औषधं. बाहेर काढायचं ते फक्त शी-शूसाठी.

आता हार्नेस. मुलाने पुण्याहून ऑनलाइन मागवला, 1,450 रुपये. छातीचा एक पट्टा, कमरेचा एक, मधे जोडपट्टी, दोन्हींवर मुठी. कापड जाड, रबरासारखं. शिलाई पक्की आहे, वर्ष होत आलं, एक टाका उसवला नाही. त्याबद्दल काही म्हणायचं नाही.

म्हणायचंय ते मापाबद्दल. तक्ता वजनावर दिलाय, 8 ते 14 किलो मीडियम. अहो, 9 किलोचा डॅशहंड आणि 9 किलोचं दुसरं कुठलंही कुत्रं यांत आगगाडी आणि रिक्षा एवढा फरक! बंड्याची छाती 20 इंच, ती बसली. मानेच्या मुळापासून शेपटीपर्यंत 18 इंच, तिथे जोडपट्टी अपुरी. ती कमरेचा पट्टा पुढे ओढायची, तो पोटावर सरकायचा, आणि बंड्या नर असल्याने पट्टा नेमका नको तिथे. शू झाली की सगळी पट्ट्यात. चार दिवसांत कातडी लाल झाली. आधीच त्याला शू नीट होत नव्हती, डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे दिवसातून चार वेळा पोट दाबून मूत्राशय रिकामं करावं लागायचं, नाहीतर साचून इन्फेक्शन. त्यात हे.

विकणाऱ्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, 'कृपया साइज चार्ट पाहावा.'

शेवटी हार्नेस पिशवीत घालून मांडवीला गेले. मोच्याने तो उलटासुलटा केला, म्हणाला, "बेन, माप ज खोटुं छे." बंड्याला न बघता! जोडपट्टीत चार इंच वाढवले, पोटाखालचं कापड अर्धचंद्रासारखं कापून कड शिवली आणि मागच्या मुठीला लांब पट्टा लावला, म्हणजे मला वाकावं लागू नये. 80 रुपये. तो लांब पट्टा नसता तर सहा आठवड्यांनी पिंजऱ्यात मीच असते.

त्यानंतर मात्र वस्तू कामाची निघाली. वजन पोटावर न येता ओटीपोटाच्या हाडांखाली येतं, पाठ जमिनीला समांतर राहते, पाय घासत नाहीत. पण याने उचलायचं नाही. आमच्या ह्यांनी एकदा बॅगेसारखा उचलून जिना उतरायला घेतला, मी ओरडले. जिन्यावर एक हात छातीखाली, एक ढुंगणाखाली, हार्नेस फक्त जमिनीवर. आणखी एक, पावसाळ्यात हे कापड दोन दिवस वाळत नाही. दोन घ्या किंवा आतून जुन्या सुती साडीचा तुकडा लावा, रोज बदला. वेल्क्रोत नवरात्रात माझ्या पदराचा धागा अडकला तो वेगळाच.

याच विकणाऱ्याकडून ऑक्टोबरमध्ये दोन चाकांची गाडीही घेतली, 6,800 रुपये. डॉक्टरांनी पिंजऱ्याचे आठवडे संपेपर्यंत गाडीचं नावही काढू दिलं नव्हतं. कमाटीबागेतल्या सपाट रस्त्यावर ती पंधरा मिनिटं छान चालली, पोरं मागे धावली. आमच्या गल्लीत चाक फरश्यांच्या फटीत अडकतं. गाडीत कुत्र्याला बसता येत नाही, त्यामुळे सतत लक्ष ठेवावं लागतं. आणि दिवाळीपर्यंत बंड्या स्वतःच चालायला लागला, झिंगल्यासारखा, मागचा भाग डावीकडे सोडून देत, पण चालतो. घसरू नये म्हणून कोटा फरशीवर योगाच्या चटया अंथरल्यात. झोपाळा कडीवरून काढलाय, ह्यांचा दुपारचा पेपर आता खुर्चीत. हार्नेस अजून रोज लागतो, सकाळी अंग आखडलेलं असतं तेव्हा.

गाडी जिन्याखाली कांद्याच्या टोपलीशेजारी पडून आहे. कुणाला हवी असेल तर अशीच न्या, पण आधी तुमच्या कुत्र्याची मानेपासून शेपटीपर्यंतची लांबी आणि मागच्या पायाची उंची इंचात कळवा. वजन सांगू नका.