शहापूरच्या साडी-दुकानाचे संकेतस्थळ : वाट सोपी, अक्षरे मात्र अवघडलेली

बेळगावच्या शहापूर भागात हातमागाच्या साड्या विकणाऱ्या एका जुन्या दुकानाने मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषांत आपले संकेतस्थळ सुरू केले आहे, आणि वावरण्याच्या सोयीत ते खरोखर उत्तम आहे. मुखपृष्ठावर सरकत्या चित्रांची गर्दी नाही. एक मोठे छायाचित्र, त्याखाली ‘नऊवारी’ आणि ‘सहावारी’ असे दोन ठळक विभाग आणि त्यांच्या आत इरकल, शहापुरी, पैठणी हे प्रकार, एवढीच रचना आहे. दुकानाच्या गादीवर बसल्यावर गिऱ्हाइकाला आधी लांबी विचारतात, मग प्रकार, मग किमतीचा अंदाज. हाच क्रम येथे पाळल्यामुळे नजर आपोआप पुढे जाते. प्रत्येक पानाच्या माथ्यावर ‘मुखपृष्ठ, नऊवारी, इरकल’ अशी ओळ असल्याने आपण कोठे आहोत आणि मागे कसे जायचे, हे निपाणीत किंवा खानापुरात मोबाइलवर पाहणाऱ्यालाही लगेच कळते.

भाषा बदलण्याची सोय विशेष आवडली. तिन्ही भाषांची नावे आपापल्या लिपीत उजवीकडे वर दिसतात आणि भाषा बदलली तरी समोरची साडी तीच राहते. सीमाभागात एकाच घरातली माणसे वेगवेगळ्या लिपींत सहज वाचतात, त्यामुळे ही गोष्ट फार मोलाची आहे.

मराठी पाने वाचताना मात्र इंग्रजीसाठी केलेला साचा जसाच्या तसा वापरल्याचे जाणवते. इंग्रजी शीर्षके मोठ्या लिपीत (कॅपिटल अक्षरांत) आणि अक्षरांत अंतर ठेवून छापली की उठून दिसतात. देवनागरीत मोठी लिपी नाही, त्यामुळे येथे शीर्षक आणि मजकूर एकसारखेच दिसतात, आणि अक्षरांतील वाढीव अंतराने शिरोरेखा तुटते ती वेगळीच. ओळी इतक्या जवळ आहेत की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना टेकतात. शीर्षकाचा आकार आणि जाडी वाढवली, अक्षरांतले अंतर काढून टाकले आणि ओळींची उंची अक्षराच्या आकाराच्या दीडपटीहून थोडी अधिक ठेवली, तर हा दोष सहज दूर होईल.

किमती फिकट सोनेरी रंगात, साईच्या रंगाच्या पार्श्वभूमीवर दिल्या आहेत, आणि उन्हात मोबाइल धरला तर त्या दिसतच नाहीत. संकेतस्थळांच्या सुगमतेसाठीच्या डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय निकषांच्या मधल्या पातळीनुसार साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी उजळपणाचा फरक किमान ४.५ : १ असावा लागतो, साडीखरेदीत किंमत हा दुय्यम तपशील नाही, त्यामुळे तेथे गडद रंगच हवा. काठाचा रंग निवडण्याची गोल बटणेही फार बारीक आणि चिकटून आहेत. वयस्क बोटांना त्यांचा त्रास होतो.

दुकानाचा पत्ता आणि वेळ ‘आमच्याविषयी’ या पानाच्या तळाशी आहे. पोत हाताने पाहूनच साडी घेणारी माणसे येथे अजून पुष्कळ आहेत, म्हणून ही माहिती मुखपृष्ठावर, दोन विभागांच्या लगेच खाली यायला हवी.