घाईत घेतलेले फोकस ग्रुप, रेटिंग ५ पैकी अडीच

इंग्लंडमध्ये टॅक्स भरतो म्हणजे गिऱ्हाईक आपणच, म्हणून हा रिव्ह्यू. मार्च २०२० मध्ये कॅबिनेट ऑफिस या ब्रिटिश सरकारी खात्याने पब्लिक फर्स्ट नावाच्या कंपनीला टेंडर न काढता थेट काम दिलं, कोविडचे मेसेज लोकांना नीट कळतायत का ते फोकस ग्रुप घेऊन, म्हणजे मोजक्या लोकांना एकत्र बोलतं करून, तपासायचं. बिल साधारण ५.६ लाख पौंड! आणि कागद? काम मार्चमध्ये सुरू, करार जूनमध्ये. आपल्याकडे वऱ्हाड जेवून गेल्यावर केटररशी रेट ठरवतात तसलं काहीतरी.

सर्व्हिस मात्र गरजेचीच होती हां, "घरी थांबा" हे लोकांना कळलंच नाही तर पोस्टर छापून काय उपयोग, आणि तेव्हा टेंडरला महिनोन्महिने थांबायला वेळ कोणाकडे होता. घाई कोर्टानेही मान्य केली. खटकलं ते हे की कंपनीवाले तेव्हाच्या पंतप्रधानांचे सल्लागार डॉमिनिक कमिंग्ज यांच्या ओळखीतले आणि दुसऱ्या कोणाचा विचार केल्याची धड नोंदच नाही. जून २०२१ मध्ये हायकोर्टाने यात पक्षपात दिसतो म्हणून हे काम देणं बेकायदेशीर ठरवलं, जानेवारी २०२२ मध्ये वरच्या कोर्टाने ते फिरवलं. सरकार जिंकलं ठीक आहे, पण दोन-तीन एजन्सींना फोन करायला किती वेळ लागतो हो, एक दुपार?