आपत्तीतून वाचलेल्यांची गोष्ट: नाटक बसवायचं की बातमी लिहायची?

गारपिटीत बाग गेलेल्या निफाडच्या शेतकऱ्याचं लांबलचक रेकॉर्डिंग तुमच्या फोनमध्ये पडून आहे. किंवा गोदाकाठी ज्याच्या दुकानात पुराचा गाळ भरला त्या दुकानदाराचं. किंवा सुरगाण्याच्या पाड्यावरच्या एखाद्या मावशीचं, जिची नागली पावसानं दिलेल्या ओढीत करपली. तुमचा गट महाविद्यालयाचा असेल, संस्थेचा असेल, नाहीतर नुसताच चार मित्रांचा. या गोष्टींचं नाटक करायचं की वर्तमानपत्रात लिहायचं, यावर तुमच्यात वाद चालू आहे. नाशिकमध्ये हा वाद मिटणं जरा अवघडच, कारण इथे दोन्ही वाटा खुल्या आहेत. गावकरी, देशदूतसारखी इथलीच दैनिकं आहेत. कालिदास आणि परशुराम साईखेडकर ही नाट्यगृहं आहेत, राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारे हौशी संघही आहेत.

माझं मत आधीच सांगून टाकतो. लेखणी चांगली कोणाची आणि नट चांगला कोण, यावर हे ठरवू नका. सांगणाऱ्याचं नाव बाहेर येणं त्याच्या फायद्याचं आहे की तोट्याचं, एवढं आधी पाहा. बातमीला नावामुळे वजन येतं. नाव, गाव, गट नंबर नसलेली नुकसानीची बातमी तहसील कचेरीत कोणी हिंग लावून विचारत नाही. नाटकाचं उलट आहे. तिथे नाव गळलं की गोष्ट एकट्याची राहत नाही, ती पाहणाऱ्याचीही होते.

जिथे बातमीच हवी

२६ नोव्हेंबर २०२३ची गारपीट आठवा. ऑक्टोबर छाटणीच्या बागा कुठे फुलोऱ्यात, कुठे मणी धरत होत्या, आणि निफाडकडे एका संध्याकाळीत मांडवाखाली पानांचा आणि घडांचा सडा पडला. अशा वेळी बाधित माणसाला सगळ्यात आधी पंचनामा हवा असतो. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक बांधावर येणार का, आणि नुकसान ३३ टक्क्यांच्या वर लिहिणार का, यावर त्याची सरकारी मदत ठरते. हा उंबरठा पूर्वी ५० टक्क्यांचा होता, २०१५मध्ये तो ३३वर आला. टक्केवारीच्या या खेळात नाटकाचा काडीचा उपयोग नाही. बातमीचा आहे.

द्राक्षाचं तर आणखी एक दुखणं आहे. गारेनं नुसते घड जात नाहीत, काडीलाही मार बसतो, आणि मग पुढच्या हंगामात माल धरेल की नाही याची धास्ती. पंचनाम्यात दिसतं ते डोळ्यांसमोरचं नुकसान. काडीच्या जखमेचा रकाना त्यात नाही. हे बागायतदाराकडून समजून घेऊन, शेतीतज्ज्ञाला विचारून, आकड्यांसकट लिहिणं हे पत्रकाराचं काम. अतिवृष्टीचंही तसंच. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला तर ती अतिवृष्टी. पण पर्जन्यमापक एका गावात आणि ढग दुसऱ्याच शिवारावर फुटला, तर नोंद कोरडी आणि शेत पाण्यात. ही तफावत कागदासकट मांडली तर अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. रंगमंचावर तोच प्रसंग विनोदी होईल, टाळ्याही पडतील, पण नोंद बदलणार नाही.

बेपत्ता माणसांच्या बाबतीतही मी बातमीच म्हणेन. १९ जुलै २०२३च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. शोधमोहीम थांबली तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. इथे एकेक नाव छापून येण्याला अर्थ असतो. मृत्यूचा दाखला, वारसांची मदत, पोरांची शाळा, सगळं त्या नावाला बांधलेलं असतं. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ भागात डोंगराच्या कुशीतल्या वाड्या-पाड्यांवर काम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. दरड कोसळण्याआधीच वाडीतल्या घरांची आणि माणसांची नीट नोंद करून ठेवणं हीसुद्धा पत्रकारिताच आहे, तिला पुरस्कार मिळत नसला तरी.

बातमीची ताकद नाशिककरांनी मार्च २०१८मध्येही पाहिली. वनहक्कांचे अर्ज वर्षानुवर्षं धूळ खात होते. इथून मुंबईला चालत गेलेल्या शेतकऱ्यांच्या सोललेल्या पायांचे फोटो आले आणि शहरातल्या माणसानं त्या मागण्या पहिल्यांदा वाचल्या.

बातमी कुठे उणी पडते

चार दिवस. तुटलेला घड हातात धरून उभा शेतकरी, पालकमंत्र्यांचा दौरा, ‘तोंडचा घास हिरावला’ हे ठरलेलं शीर्षक, आणि पाचव्या दिवशी पान दुसऱ्याच विषयाला. सहा महिन्यांनी त्याच बांधावर परत जाणारा बातमीदार विरळा. जिल्हा आवृत्तीतल्या बातमीदाराकडे वेळही नसतो आणि पेट्रोलचे पैसेही. पी. साईनाथ यांनी २०१४मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ या संकेतस्थळासारख्या ठिकाणी सावकाशीनं लिहिलेले ग्रामीण वृत्तांत मराठीतही वाचायला मिळतात. तुम्हाला लेखाच्या वाटेनं जायचं असेल तर नमुना तिथला घ्या, रोजच्या पानातला नको.

दुसरं म्हणजे छापलेलं नाव पुसता येत नाही. सोसायटीचं कर्ज थकलंय, द्राक्षाच्या व्यापाऱ्यानं चेक वटवू दिला नाही, हे आज रागाच्या भरात सांगणारा माणूस दोन वर्षांनी मुलीचं स्थळ पाहत असतो, आणि मोबाइलवर त्याचं नाव टाकलं की तीच बातमी वर येते. संमती घेताना ही गोष्ट सांगायची असते. बहुतेक जण सांगत नाहीत.

तिसरं, भाषा. अहिराणीत किंवा डांगी-कोकणीत सांगितलेलं छापताना प्रमाण मराठीत येतं आणि त्याचं निवेदन होतं. आवाज गेला की अर्धी गोष्ट गेली.

आता एक कटकटीची गोष्ट, जी पत्रकाराला टाळता येत नाही आणि नाटकवाल्याला येते. ही आपत्ती हवामान बदलामुळे आली का? हवामानशास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांच्या २०१७च्या अभ्यासानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात अतिमुसळधार पावसाच्या मोठ्या घटना तिपटीनं वाढल्या. केरळमध्ये वायनाडला ३० जुलै २०२४ रोजी दरडी कोसळल्या, त्या पावसाचा जोर तापमानवाढीमुळे साधारण १० टक्क्यांनी वाढल्याचं शास्त्रज्ञांच्या गटानं मांडलं. गारपिटीबद्दल मात्र विज्ञान इतक्या ठामपणे बोलत नाही, कारण गारांच्या जुन्या नोंदीच तुटपुंज्या आहेत. म्हणजे पुराच्या लेखात जे वाक्य चालेल ते गारपिटीच्या लेखात जसंच्या तसं चालणार नाही. शिवाय गोदावरीच्या पुरात आभाळाइतकाच माणसाचाही हात आहे. निळ्या (नेहमीच्या मोठ्या पुराच्या) आणि लाल (क्वचित येणाऱ्या महापुराच्या) पूररेषेच्या आत काय बांधलं, गंगापूर धरणातून पाणी केव्हा आणि किती सोडलं, हे विचारायचं सोडून सगळं हवामान बदलावर ढकललं तर महापालिका आणि पाटबंधारे खातं तुमचे आभारच मानतील.

नाटक काय देतं

पूर ओसरतो, पंचनामे होतात, आलीच तर मदत खात्यावर येते. त्यानंतर माणसात जे उरतं त्याची बातमी होत नाही. पुणे जिल्ह्यातलं माळीण ३० जुलै २०१४ रोजी गाडलं गेलं, १५१ जण गेले. जवळच आमडे इथे नवं गाव उभं राहिलं, २०१७मध्ये घरं मिळाली. कागदोपत्री प्रकरण मिटलं. अशा ठिकाणी मागणं संपलेलं असतं आणि बोलणं मात्र सुरूही झालेलं नसतं. त्या बोलण्याला नाटक जागा देतं, कारण त्याला ताजं निमित्त लागत नाही.

नाटकात तीन बायांची मिळून एक बाई करता येते. बातमीत हाच प्रकार खोटेपणा ठरतो, रंगमंचावर तो कसबाचा भाग आहे. अहिराणी तशीच्या तशी ठेवता येते, आणि कळवण-सटाण्याचा प्रेक्षक आपली बोली ऐकून सरसावून बसतो. गप्प बसणं दाखवता येतं. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कोणत्या अंगाला पाणी लागलं यावरून नाशिककर पूर मोजतात. १९६९चा, २००८चा, २०१६चा, २०१९चा, प्रत्येक पुराची मापं घरोघरी वेगळी सांगितली जातात. या सांगण्यातला पीळ, त्यातली फुशारकी आणि भीती एका प्रवेशात पकडता येईल. लेखात ती चौकटीतली माहिती होऊन बसते.

सगळ्यात जास्त आशा मला फोरम थिएटरकडून वाटते. ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगस्तो बोआल यांनी रुजवलेली ही पद्धत पश्चिम बंगालमध्ये १९८५ साली सुरू झालेल्या जन संस्कृती या संस्थेनं गावोगाव चालवली. प्रसंग करून दाखवायचा, अडचणीच्या टोकाला थांबवायचा आणि प्रेक्षकाला विचारायचं, तुम्ही हिच्या जागी असता तर? आता प्रसंग आपला घ्या. बाग बाईनं सांभाळली, पण सातबारा सासऱ्याच्या नावावर. किंवा जमीन निम्म्यानं केलेली आणि मदत गेली मूळ खातेदाराच्या खात्यात. पंचनाम्याला आलेल्या माणसासमोर ती काय बोलेल? पारावर जमलेल्यांतली एखादी बाई उठून तिची जागा घेते, तलाठ्याशी भांडते, हरते, दुसरी उठते. हे मदतीच्या याद्यांमध्ये कधीच न दिसणारं नुकसान आहे, आणि गावातल्या गावात त्यावर उघड बोलणं व्हायला नाटकासारखा आडपडदाच लागतो.

नाटकाचे खड्डे

पहिला खड्डा गळफासाचा. शेतकऱ्यावरचं नाटक म्हटलं की विंगेतून दोर येतोच. कृपा करून तो आणू नका. प्रेक्षकांत कोणाच्या घरात काय घडलंय हे तुम्हाला ठाऊक नसतं. भारतीय प्रेस परिषदेनं २०१९मध्ये आत्महत्येच्या वार्तांकनासाठी नियम घालून दिले, त्यांत पद्धतीचं वर्णन टाळायला सांगितलंय. नाटकवाल्यांनी ते आपणहून पाळावेत, आणि प्रयोगानंतर टेली-मानस या मानसिक आधाराच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोठ्यानं सांगावा.

दुसरा, नाव बदललं की ओळख लपली असं समजण्याचा. शहरात लपते. गावात पहिल्या पाच मिनिटांत कुजबुज सुरू होते की ही तर खालच्या आळीची गोष्ट. म्हणून निफाडची गोष्ट आधी बागलाणात करा, पेठची दिंडोरीत. पण त्याही आधी ज्यांनी गोष्टी सांगितल्या त्यांना बंद खोलीत संहिता वाचून दाखवा. त्यांनी एखादं वाक्य काढायला सांगितलं तर कितीही टाळ्यांचं असलं तरी ते जातं. नाटकात ही सोय आहे, पुढच्या प्रयोगात बदल करता येतो.

तिसरा खड्डा प्लेबॅक थिएटरचा. प्रेक्षकानं आपला अनुभव सांगायचा आणि नटांनी तो तिथल्या तिथे करून दाखवायचा, असा हा १९७५मध्ये अमेरिकेत सुरू झालेला प्रकार. कार्यशाळांमध्ये फार आवडतो. ताज्या आपत्तीनंतर, प्रशिक्षित माणूस सोबत नसताना, त्याला हात लावू नये. उघडलेली जखम बांधायला संध्याकाळी तिथे कोणी नसतं.

आणि बोहाडा, म्हणजे आदिवासी गावांत मुखवटे घालून सोंगं नाचवण्याचा उत्सव, त्याबद्दल एक आगाऊ सल्ला. पेठ-सुरगाण्याकडची सोंगं पाहून अनेक उत्साही मंडळींना त्यात ‘पर्यावरणाचा संदेश’ घालावासा वाटतो. तो त्या लोकांचा देवाचा उत्सव आहे. आपलं पथनाट्य आपण वेगळं करावं.

खर्च, वेळ, परवानग्या

लेखाला प्रवास आणि चिकाटी लागते, पैसा कमी. पथनाट्याला एक डफ, सहा माणसं आणि पोलीस ठाण्याची परवानगी. नाट्यगृहात गेलात की भाडं, प्रकाशयोजना, टेम्पो, आणि त्याआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र. संहिता वेळेत पाठवा. गावातल्या प्रयोगासाठी द्राक्षपट्ट्यात छाटणी ते काढणी हा काळ टाळा, माणूस मिळणार नाही. यात्रांचे दिवस बरे.

मग निवड कशी करायची

पंचनामा बाकी आहे, यादीतून नाव गळलंय, विमा कंपनी टोलवाटोलवी करते आहे, तर लेख लिहा, लगेच लिहा, आणि नावानिशी लिहा. सांगणारा कर्जात आहे, बाई सासरी नांदते आहे, किंवा ज्याच्याविरुद्ध बोलायचं तो गावातलाच आहे, तर नाटक. घटनेला वर्षं झाली आणि सरकारकडे मागण्यासारखं काही उरलं नाही, तरी नाटकच. तुमच्या गटात नट आहेत म्हणून नाटक आणि एकाला ब्लॉग लिहिता येतो म्हणून लेख, ही कारणं रद्द समजा.

दोन्ही करायचा मोह होईल. त्याला आधार आहे. १९३५ ते १९३९ या काळात अमेरिकेत सरकारी पैशानं चाललेल्या फेडरल थिएटर प्रोजेक्टनं ‘लिव्हिंग न्यूजपेपर’ नावाचे प्रयोग केले. बेकार पत्रकार आणि नट एकत्र बसवून बातम्यांची नाटकं केली, त्यांतलं १९३६चं एक तर शेतकऱ्यांच्या हलाखीवरच होतं. पुढे अमेरिकेच्या संसदेनं पैसा तोडला आणि प्रकल्प बंद पडला. आपल्याकडे करायचं तर क्रम पाळा. आधी लेख, त्यातून जे पदरात पडायचं ते पडू द्या, आणि मग नाटक. उलट केलंत तर नाटकात रचलेला संवाद कोणीतरी पुरावा म्हणून उचलतो, आणि खरी तक्रारही खोटी ठरते. वह्यासुद्धा वेगळ्या ठेवा, एकीत फक्त जे बोललं गेलं ते, दुसरीत तुमचं सुचलेलं.

रेकॉर्डिंगची एक प्रत सांगणाऱ्याला द्यायची आहे, पेनड्राइव्हवर किंवा व्हॉट्सॲपवर, त्याला सोयीचं असेल तसं. त्यानं वर्षभरानं पुसून टाका म्हटलं तर गटातल्या कोणाकोणाच्या फोनमधून ते पुसायचं, याची यादी आजच करून ठेवा.