नवीन वर्कस्टेशनवर डेबियन स्टेबल: काही महिने रोज वापरल्यावर

नवीन मशीनवर बेस म्हणून डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार, त्याचं स्टेबल म्हणजे मधे फारसं न बदलणारं व्हर्जन) टाकलं, मधेच १३ आलं, आता त्यावर आहे. काम म्हणजे कंपायलिंग, थोडं थ्रीडी रेंडरिंग, शिवाय व्हर्च्युअल मशीन्स. फेडोराचा (हेही लिनक्सच) विचार होता, पण तिथे दर सहा महिन्यांनी नवीन व्हर्जन आणि एकेकाला सपोर्ट जेमतेम १३ महिने, म्हणजे वर्षातून एकदा तरी अख्खी सिस्टिम हलणार, आणि आर्च लिनक्स तर रोजच हलतं. उबंटू एलटीएस (जास्त काळ सपोर्ट असलेलं व्हर्जन) चाललं असतं खरं, पण स्नॅप (उबंटूची स्वतःची अ‍ॅप टाकायची पद्धत) नको होतं, बास.

वैताग झाला तो सुरुवातीलाच. १२ चा कर्नल (सिस्टिमचा गाभा, ड्रायव्हर यातच असतात) ६.१, म्हणजे डिसेंबर २०२२ चा, आणि बोर्डवरची वायफाय चिप त्यानंतरची, मग तो तिला ओळखणार कसा? १२ पासून फर्मवेअर (चिपमध्ये भरायचं सॉफ्टवेअर) इन्स्टॉलरमध्येच येतं, पण कर्नलात ड्रायव्हरच नसेल तर नुसतं फर्मवेअर घेऊन काय करायचं. फोन यूएसबीने जोडून नेट घेतलं, बॅकपोर्ट्स (स्टेबलसाठी नवी पॅकेजेस देणारी डेबियनची वेगळी रेपो, म्हणजे पॅकेजांचा साठा) चालू केलं, तिथून नवा कर्नल आणि फर्मवेअर टाकलं, मग लागलं वायफाय. ग्राफिक्सचा क्लोज्ड ड्रायव्हर वापरणार असाल तर कर्नलचे हेडर्स (ड्रायव्हर बनवायला लागणाऱ्या फायली) पण बॅकपोर्ट्समधूनच घ्या, नाहीतर डीकेएमएस (नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर आपोआप बनवणारं टूल) मॉड्यूल बनवतच नाही आणि रीबूट केल्यावर बसा काळ्या स्क्रीनकडे बघत. सिक्युअर बूट (फक्त सही असलेलाच कोड सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर वरून स्वतःची सहीची की एनरोल, म्हणजे मशीनमध्ये नोंद, करायची, एकदाच करावी लागते पण आधी कोणी सांगत नाही.

त्यानंतर कित्येक महिने काहीच झालं नाही, आणि मला हेच तर हवं होतं! अपडेट येतात ते सिक्युरिटीचे नाहीतर बगफिक्स, कंपायलर आणि लायब्ररी जागच्या हलत नाहीत, काल बिल्ड झालेलं आज पण होतं. थ्रीडीचं ब्लेंडर फ्लॅटपॅकमधून (बेसपासून वेगळी अ‍ॅप टाकायची पद्धत), नवीन टूलचेन, म्हणजे कंपायलर वगैरे, पॉडमॅनच्या कंटेनरमध्ये (बेसपासून वेगळा कप्पा). खाली शिळं, वर ताजं. ज्यांना डेस्कटॉपच सतत नवा लागतो त्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये, १२ मध्ये ग्नोम (डेबियनचा नेहमीचा डेस्कटॉप) ४३ वर अडकून पडला असतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये १३ आलं. बाहेरच्या रेपो बंद केल्या, बॅकपोर्ट्स काढलं आणि अपग्रेड सरळ झालं, कर्नल आता ६.१२. पण एक गोष्ट रिलीज नोट्स न वाचणाऱ्याला नडेल, टेम्प फोल्डर (/tmp) आता डिस्कवर नाही तर रॅममध्ये असतं, अर्ध्या रॅमपर्यंत भरू शकतं. रेंडरच्या टेम्पररी फायली तिथे पडत असतील तर मेमरी बघता बघता संपते. मी सिस्टिमडीचं (सिस्टिम सुरू करून सेवा सांभाळणारा प्रोग्राम) ते माउंट मास्क, म्हणजे पूर्ण बंद, करून टेम्प जुन्यासारखं डिस्कवर आणलं.

१३ ला एलटीएस धरून २०३० पर्यंत सपोर्ट आहे, तोवर बेस बदलायचा विचार नाही. हार्डवेअर अगदी नवंकोरं घेत असाल तर आधी लाइव्ह यूएसबीवर वायफाय, आवाज आणि स्लीप तपासा. स्लीप माझ्याकडे अजून अधूनमधून रुसतं, जागं झाल्यावर दुसरा मॉनिटर येतच नाही, केबल काढून परत लावली की येतो.