सायबर सुरक्षेतल्या सहकाऱ्याचं नामांकन: कुठल्या पुरस्कारासाठी?

पुरस्कारांची यादी उघडण्याआधी एक कोरा कागद घ्या. सहकाऱ्याच्या गेल्या दोन-तीन वर्षांच्या कामातलं जे आकड्यांसकट बाहेर सांगता येतं ते डावीकडे लिहा. करारामुळे किंवा चालू तपासामुळे जे सांगता येत नाही ते उजवीकडे. बहुतेकांचा उजवा रकाना भरून वाहतो आणि डावीकडे जेमतेम चार ओळी उरतात. कुठे नामांकन करायचं हे त्या चार ओळींवरून ठरवावं. पुरस्काराचा दबदबा किती, हा प्रश्न त्यानंतरचा.

डावीकडे सीव्हीई क्रमांक असतील तर

सॉफ्टवेअरमधल्या सुरक्षेच्या त्रुटी शोधणाऱ्याचं काम सिद्ध करणं सगळ्यात सोपं. सीव्हीई, म्हणजे जाहीर त्रुटीला मिळणारा ओळख क्रमांक असतो, पॅच (दुरुस्ती) आलेला असतो, कंपनीच्या सूचनेत श्रेय दिलेलं असतं. अशा माणसासाठी २००७ पासून दिले जाणारे ‘प्वनी’ पुरस्कार बघा. नामांकन खुलं असतं, ट्रॉफी म्हणजे खेळण्यातलं तट्टू, आणि संशोधकांच्या वर्तुळात त्या तट्टाला भरपूर मान आहे. पण विभाग नीट वाचा. त्यातले काही चक्क खिल्ली उडवण्यासाठी आहेत. त्रुटी कळवल्यावर सर्वांत वाईट प्रतिसाद देणाऱ्या कंपनीसाठीसुद्धा वेगळा विभाग आहे. शिवाय मनुष्यबळ विभागाला किंवा संचालक मंडळाला तट्टू दाखवून बढतीची बाजू मांडता येईल, अशी अपेक्षा ठेवू नका.

काम पडद्यामागचं असेल तर

स्पॅम आणि फिशिंग रोखणारे, इन्सिडेंट (सायबर हल्ल्याच्या घटना) हाताळणारे, वेगवेगळ्या कंपन्यांच्या टीमना एकत्र आणणारे लोक इथे येतात. त्यांच्यासाठी व्यावसायिक संघटनांचे पुरस्कार जास्त योग्य, कारण परीक्षक त्याच कामातले असतात आणि थोडक्यात लिहिलेलंही त्यांना कळतं. ‘मॉग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ईमेल-गैरवापरविरोधी संघटनेचे दोन पुरस्कार आहेत आणि त्यांत गल्लत होते. जे. डी. फॉक पुरस्कार एखाद्या ठरावीक कामासाठी असतो, तर मेरी लिटिन्स्की पुरस्कार आयुष्यभराच्या योगदानासाठी. पाच वर्षांच्या अनुभवाच्या माणसाला या दुसऱ्या पुरस्कारासाठी सुचवलं तर अर्ज चांगला असूनही वाया जातो. इन्सिडेंट रिस्पॉन्स टीमची जागतिक संघटना ‘फर्स्ट’ हिने २०१९ मध्ये ‘हॉल ऑफ फेम’ सुरू केलं. त्यातही ज्येष्ठांचाच विचार होतो.

शुल्क भरून प्रवेश असलेले पुरस्कार

उद्योगजगतातल्या मासिकांचे आणि परिषदांचे बरेच पुरस्कार प्रवेशशुल्क घेतात. एवढ्यावरून ते खोटे ठरत नाहीत. ग्राहक आणि वरिष्ठ यांच्यावर त्यांचाच प्रभाव जास्त पडतो. मात्र पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारा. परीक्षकांची नावं जाहीर आहेत का? एका विभागात विजेते किती? बोधचिन्ह वापरायचे वेगळे पैसे आहेत का? समारंभाचं टेबल घेणं सक्तीचं आहे का? अर्ज केलेला नसताना ‘अभिनंदन, आपली निवड झाली’ अशी मेल आली आणि मागोमाग बिल आलं, तर ती सरळ विक्री समजा. खुल्या ऑनलाइन मतदानाच्या पुरस्कारांपासूनही लांब राहिलेलं बरं. ज्या कंपनीत माणसं जास्त, तिची मतं जास्त.

संशोधकांसाठी वाट वेगळी. क्रिप्टोग्राफी (माहिती सांकेतिक रूपात सुरक्षित ठेवण्याचं शास्त्र) प्रत्यक्ष वापरात आणणाऱ्यांसाठी २०१६ पासून दिलं जाणारं १०,००० डॉलरचं लेवचिन पारितोषिक आहे. शोधनिबंध १५ वर्षांनी कितपत टिकला हे पाहणारे आयएसीआर या क्रिप्टोग्राफी संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे पुरस्कारही आहेत. तिथे शिफारस करणाऱ्याचा स्वतःचा अभ्यास तोलामोलाचा हवा. व्यवस्थापकाने गौरवपर दोन परिच्छेद लिहून तिथे काही हाती लागत नाही.

फॉर्म कुठे फसतो

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे पदाचं वर्णन लिहिणं. ‘एसओसीचं नेतृत्व करतात, चोवीस तास देखरेख ठेवतात, अत्यंत समर्पित’ हे एसओसी, म्हणजे सुरक्षा देखरेख केंद्रात, त्या पदावरच्या कुणालाही लागू पडतं. त्याऐवजी समजा असं लिहिलं: ‘संशयास्पद मेल कळवल्यापासून ती सर्वांच्या इनबॉक्समधून काढेपर्यंत ९ तास लागत. त्यांनी ही प्रक्रिया स्वयंचलित केली. आता ४० मिनिटं लागतात. तो कोड इतर तीन संस्था वापरतात.’ यात आधी काय होतं, काय बदललं आणि बाहेर कुणाला उपयोग झाला, हे तीनही आलं. आकडा गुप्त असेल तर प्रमाण द्या: ‘निम्म्याहून कमी’. तेही जमत नसेल तर बाहेरच्या माणसाचं पत्र घ्या.

पत्रं दोन किंवा तीन पुरेत, त्यातलं एक तरी दुसऱ्या संस्थेतलं असावं. दोन्ही पत्रांत तीच वाक्यं दिसली की मसुदा एकानेच पुरवला हे परीक्षकांना लगेच कळतं, म्हणून प्रत्येकाला वेगळा मुद्दा वाटून द्या. काम टीमचं असेल तर तसं स्पष्ट म्हणा आणि या माणसाचा त्यातला निर्णय कोणता, ते सांगा. हे मुदतीआधी सहा आठवडे सुरू करा. लेखनाला वेळ कमी लागतो, पत्रांची आणि विधी विभागाची वाट बघण्यात जास्त जातो.

गोपनीयतेचा नियम सोपा ठेवा. माहिती कुणाला सांगता येईल हे रंगांच्या खुणांनी ठरवणाऱ्या टीएलपी पद्धतीत ‘क्लिअर’ (सर्वांसाठी खुली) असलेली माहितीच अर्जात जाऊ द्या. ‘अंबर’ (मर्यादित लोकांपुरती) खूण असलेल्या अहवालातली एखादी ओळही नको, कारण परीक्षक प्रतिस्पर्धी कंपनीतलेही असू शकतात. सध्या कोणती सुरक्षा उत्पादनं वापरता, त्यांची रचना कशी, हेही लिहू नका. हल्लेखोरांना आयता नकाशा मिळतो.

आणि सहकाऱ्याला विचारल्याशिवाय काहीही पाठवू नका. गुन्हेगारी टोळ्यांच्या मागावर असलेल्याला नाव-फोटो जाहीर होणं परवडत नाही. सायबर गुन्हेगारीवर लिहिणारे पत्रकार ब्रायन क्रेब्ज यांच्या घरी २०१३ मध्ये खोट्या फोनवरून सशस्त्र पोलीस पोहोचले होते. सहकारी नको म्हणाला तर टीम पुरस्काराचा विभाग शोधा किंवा विषय तिथेच सोडा. होकार आला तर अर्जाची प्रत, पत्रं आणि आकड्यांचा हिशेब एका फोल्डरमध्ये ठेवा. पहिल्या वर्षी नाव पुढे गेलं नाही, तर पुढच्या वर्षी आकडे ताजे करून तोच अर्ज पुन्हा वापरता येतो.