सोलर लायटिंग किट: एक पावसाळा काढल्यावर

किट चांगलं आहे. दिव्याची पिन मात्र संतापजनक आहे, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

१०० वॅटचं पॅनेल, १२.८ व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, चार दिवे, एक डीसी पंखा. आम्ही वडोदऱ्यातल्या काही जणांनी वर्गणी काढून ते छोटा उदेपूर जिल्ह्यात, कवांट तालुक्यातल्या एका फळियात (वाडीत) संध्याकाळच्या अभ्यासवर्गाला बसवून दिलं. घरं टेकडीवर विखुरलेली, तिथवर विजेची तार पोचलेली नाही.

ऐन पावसाळ्यात एक दिवा गेला. पाच वॅटचा साधा एलईडी. कवांटच्या बाजारात १२ व्होल्टचे दिवे मिळतात, नेहमीच्या होल्डरचे. पण या किटच्या वायरीला कंपनीची खास पिन: गोल, मधोमध बारीक काडी, एका अंगाला खाच. बाजारातलं काहीच तिच्यात बसत नाही. कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे, दिवा कंट्रोलरसकट (पॅनेल, बॅटरी आणि दिवे ज्याला जोडतात त्या डबीसकट) वडोदऱ्याच्या सर्व्हिस सेंटरला आणा. अहो, कंट्रोलर काढला की उरलेले तीन दिवेही बंद! शंभर किलोमीटरच्या वर अंतर. बसचं जाण्यायेण्याचं भाडंच नव्या दिव्याहून जास्त. किती वेळा भांडले, तरी उत्तर एकच. दोन वर्षांची वॉरंटी आहे खरी, पण ती काउंटरवर वस्तू आणून देणाऱ्यालाच.

घरोघरी वीज देण्याच्या केंद्र सरकारच्या २०१७ च्या सौभाग्य योजनेत, तार पोचणं अवघड अशा घरांसाठी २०० ते ३०० वॅटचा सौर संच ठरला होता. पाच एलईडी, एक डीसी पंखा, आणि सोबत पाच वर्षांची देखभाल-दुरुस्ती. वॅटच्या आकड्यापेक्षा ती देखभालीची अट मला आता जास्त मोलाची वाटते.

बॅटरीबद्दलचं मत मात्र बदललं. आभाळ भरलेलं असलं की वर्ग रंगात आलेला असताना दिवे एकदम बंद व्हायचे, तेव्हा मी दोनच तारे दिले होते. पण बॅटरी पार रिकामी होऊ नये म्हणून कंट्रोलर स्वतःच वीज तोडतो. याआधी तिथे जुन्या इन्व्हर्टरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी होती. रोज तळापर्यंत ओढून ती कायमची बसली. ही नवी बॅटरी श्रावण-भाद्रपदाचं झाकोळ सोसून नवरात्रात पहिल्याइतकीच चालली. वर्ग घेणाऱ्या बेन आता कंट्रोलरवरचा पिवळा इशारा-दिवा लागला की आधी पंखा बंद करतात आणि शेवटच्या धड्यापर्यंत उजेड टिकवतात. या कंट्रोलरला पाच तारे.

सोबतची वायर बारीक आहे. १२ व्होल्टवर २४ वॅटचा पंखा दोन अँपिअर ओढतो, लांब वायरीत व्होल्टेज पडतं आणि टोकाचा पंखा रेंगाळतो. अडीच स्क्वेअर एमएमची वायर टाकली, पंखा सुधारला.

शेवटी पिनच कापली. तिथल्या वायरमनने लाल-काळी तपासून साधे होल्डर जोडले. दिव्यांची वॉरंटी गेली, जाऊ दे. आता दिवा गेला तर कवांटच्या आठवडी बाजारातून त्याच दिवशी येतो. हे दिवे २३० व्होल्टच्या होल्डरला चुकूनही लावू नका, लगेच जळतील.

शेजारच्या फळियासाठी पॅनेल, बॅटरी, कंट्रोलर हेच घेणार आहोत. दिवे आणि वायर बाजारातली. कंपनीने ती पिन सुटी विकायला काढली तर इथे येऊन तारे वाढवीन.